उंबऱ्यापासून अकरा पावलं

३ मार्च, मंगळवार

दादा,

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो चुकून राहिला असं समजू नकोस. बावीस वर्षं तुझी खुशाली विचारली नाही आणि आजही विचारणार नाही. आई पडली, म्हणून लिहिते आहे.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता बरी आहे, म्हणजे पडल्या पडल्या नर्सना कामं सांगते आहे. पडली ती खालच्या बाथरूममध्ये, फरशीवरच्या जाळीतून उलटं वर आलेल्या घाण पाण्यावरून पाय घसरून. ते पाणी आलं कुठून? तू आणि बाबांनी अंगणाखालून टाकलेल्या मोठ्या लाइनमधून. प्लंबरचं घर आणि संडास तुंबलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वरच्या मजल्यावर फ्लश केला की खालच्या कमोडात बुडबुडे येतात. बेसिन रिकामं केलं की जाळी गुरगुरते. कपड्यांच्या मशीनचं पाणी सुटलं की तेच पाणी फेसासकट खालच्या जाळीतून वर येतं. बाबा म्हणायचे, एक भोक तुंबलं तर दोष त्या भोकाचा, सगळी तुंबली तर दोष मोठ्या लाइनचा. शिकवत ते तुला होते, पण दाराआड बसून पाठ मी केलं.

इथला प्लंबर येऊन गेला. म्हातारा आहे, तोंडाळ आहे, पण कामाचा वाटला. त्याची लाइन मोकळी करायची स्प्रिंग कमोडच्या वळणातच अडकते, कॅमेरा तर त्याहून जाड. कमोड उखडला तर खालचा जुना जोड फुटेल आणि सगळं बाथरूम खणावं लागेल. तो म्हणाला, "ताई, चेंबर दाखवा. चेंबर उघडलं की पुढचं माझ्यावर सोडा."

तर चेंबर. कुठलीही लाइन मातीखाली घालण्याआधी बाबा त्या घरातल्या बाथरूमच्या दारामागे पेन्सिलीने नकाशा काढायचे, आठवतं ना? आपल्या दारामागचा अजून आहे. "उंबऱ्यापासून ११ पावलं. मग डावीकडे ४. चेंबर." खाली दोन सह्या, एक बाबांची, एक तुझी. अंगणात आता सगळीकडे फरशी आहे, त्यामुळे झाकण दिसत नाही. मला एवढंच कळव की हा नकाशा बरोबर आहे का, की नंतर तुम्ही काही बदललं होतं.

घाई यासाठी, की सोळा तारखेला हॉस्पिटलची बाई घर बघायला येणार आहे. खालच्या मजल्यावर चालू संडास असेल तर आई घरी येईल. नसेल तर तिला शहराबाहेरच्या वृद्धांच्या केंद्रात हलवतील. शेजारच्या काकू तिथे पंधरा दिवसांसाठी म्हणून गेल्या होत्या, त्याला दोन वर्षं झाली. आई मला म्हणाली, "मला तिथे पाठवू नकोस." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. ती एक गोष्ट दोनदा सांगणाऱ्यातली नाही.

तुझा पत्ता तिच्या चष्म्याच्या डबीत सापडला, चार घड्या घातलेला. मला वाटत होतं या घरात तुझं नाव कोणी काढत नाही. फोन नंबर नव्हता. असता तरी मला तुझा आवाज ऐकायचा नव्हता.

धाकटी


८ मार्च, रविवार

दादा,

पाच दिवस झाले. पोस्टमन रोज येतो, मी फाटकापर्यंत जाते, तो मान खाली घालून पुढच्या घरी जातो. आता त्यालाही माझी दया येत असावी. तुला मात्र एक ओळ लिहायला हात जड झाला.

तुझ्या उत्तरावाचून माझं काही अडलं नाही. काल बाथरूमच्या उंबऱ्यावर टाच टेकवून उभी राहिले, अकरा पावलं चालले, डावीकडे वळून चार. गवंड्याने कटरने फरशी कापून दिली, पुढचं मी पहारीने फोडलं. दोन हात खोल गेले. खाली ठणठणीत कोरडी माती. पाइप नाही, चेंबर नाही, वीट नाही. सध्या मी रोज आंघोळीला मी काम करते त्या छापखान्यातल्या मैत्रिणीकडे जाते, बाकीच्या गोष्टीला कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर. पंपावरचा माणूस मला बघितलं की न विचारता किल्ली पुढे करतो. चाळिशीला आलेल्या बाईला हे सुख तुझ्या सहीने दिलं आहे.

कारण नकाशावर तुझीही सही आहे. बाबा मापात चुकणारे नव्हते. मग चुकलं कोण? मला तर वाटतं तू तिथेही त्यांची थट्टाच केलीस, बेकरीच्या अंगणात केलीस तशी.

विसरला असशील तर आठवण करून देते. बाबांचा डावा पाय लहानपणच्या आजाराने आखूड राहिला होता, आणि त्याबद्दल आपल्या घरात कोणी बोलायचं नाही हा कायदा होता. पाहुण्यांपैकी कोणी विचारलंच तर आई विषय बदलायची, आणि ते पाहुणे पुन्हा कधी आलेले मला आठवत नाहीत. मी सतरा वर्षांची होते. तुमचं काम बेकरीवाल्याकडे चालू होतं, मी तुझा डबा घेऊन आले. मागच्या अंगणात तू एकटाच चालत होतास. एक पाऊल लांब, एक आखूड, डावा खांदा पडलेला, हात मांडीवर टेकलेला. हुबेहूब बाबा. भट्टीवरचे दोघे कामगार दारात उभे राहून पोट धरून हसत होते. तू चालून टोकाला पोचलास, पुन्हा दाराशी आलास आणि पुन्हा तसाच चाललास.

मी डबा तिथेच ठेवला आणि घरी जाऊन बाबांना सांगितलं. हो, मीच सांगितलं. मला त्याची लाज वाटत नाही. बाबांनी आवाजही चढवला नाही. तुझी अवजारांची पिशवी दाराबाहेर ठेवली आणि म्हणाले, "ज्याला माझ्या पायाचं हसू येतं, त्याने माझ्या हाताखाली राहू नये." तू चकार शब्द काढला नाहीस. पिशवी उचललीस आणि गेलास. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सात वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हाही तू आला नाहीस. पत्ता नव्हता म्हणून मी कळवलं नव्हतं, पण कळून घ्यायची ज्याला इच्छा असते त्याला कळतंच.

चेंबर कुठे आहे ते सांग. बाकी तुझं तोंडही बघायचं नाही.

धाकटी


११ मार्च, बुधवार

दादा,

दुसरा खड्डा खणला. विचार केला, बाबा उंच होते, चांगले सहा फुटांच्या घरात, माझ्याहून त्यांचं पाऊल मोठं असणार. म्हणून टांगा टाकत अकरा मोजली आणि पार कुंपणाजवळ गेले. तिथे पहार मारली ती थेट पिण्याच्या पाण्याच्या पाइपावर. आता या घरात पाणी जातही नाही आणि येतही नाही.

प्लंबरने तो पाइप जोडून दिला. दोन्ही खड्ड्यांकडे बघून म्हणाला, "ताई, आता फक्त विहीर लागायची बाकी आहे." मग त्याने फरशीवर हातोडीने ठोकत सगळं अंगण पालथं घातलं. पोकळ आवाज कुठेच येईना. "खाली एवढा जाड थर कोणी घातला हो? झाकण बुजवून फरशी घालायची अक्कल कोणाची?" असं त्याने मला विचारलं.

मी म्हणाले, गवंड्याची.

दादा, फरशी मी घालून घेतली. पहिल्या पत्रात मी "सगळीकडे फरशी आहे" असं लिहिलं, जणू ती आभाळातून पडली. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ते गंजकं झाकण माझ्या स्कूटरच्या वाटेत यायचं, दिसायलाही घाण दिसायचं. आता सगळं एकसारखं झाल्यावर ते नेमकं कुठे होतं हे ना मला सांगता येतं, ना आईला. गवंड्याने विचारलं होतं, "झाकण वर उचलून घेऊ का?" मी म्हटलं, सगळं एकसारखं कर. आई दारात उभी होती. म्हणाली, "अगं, झाकण बुजवू नकोस. तुझे बाबा असते तर त्यांनी बुजवू दिलं नसतं." मी म्हटलं, "बाबा नाहीत ना आता." ती आत गेली.

एवढं लिहिलंच आहे तर उरलेलंही लिहिते. दोन महिने ती मला सांगत होती की कमोड गुरगुरतो आहे, मोठी लाइन बघून घे. प्लंबरची बायको ती, तिला कळत होतं. मी बाटलीतलं ॲसिड ओतत राहिले आणि तिला म्हणाले, तुला भास होतात. ती पडली त्या सकाळी म्हणाली होती, "आज मशीन लावू नकोस, मी आंघोळीला जाते आहे." मला कामावर जायचं होतं. मी मशीन लावलं. वरून पाणी सुटल्याचा आवाज आला आणि मग खालून तिचा.

हे मी हॉस्पिटलात कोणाला सांगितलेलं नाही. आईने तर मला त्यावरून एका शब्दानेही टोचलेलं नाही. त्यामुळे मला आणखीच चीड येते. ती मला रागावली असती तर मला तुझ्यावर एवढं रागवावं लागलं नसतं. पाच दिवस उरले आहेत. अंगणात दोन खड्डे आहेत आणि तू मुका आहेस.

धाकटी


१४ मार्च, शनिवार

दादा,

पाय उशीवर ठेवून लिहिते आहे. परवा सकाळी कचऱ्याची बादली घेऊन निघाले आणि पहिल्या खड्ड्यात पडले. दुसऱ्यासाठी खड्डा खणतो तो स्वतःच त्यात पडतो, ही म्हण मला शाळेत पाठ होती. मी तो तुझ्या नावाने शिव्या देत खणला होता. घोटा मुरगळला, डावा. टम्म सुजला.

आज सकाळी प्लंबर येणार होता. पहार खड्ड्याशी पडली होती ती उचलायला बाथरूमच्या दारातून निघाले. या दिवसांत मला मोजायचं वेडच लागलं आहे, चालताना ओठ आपोआप हलतात. दारापासून त्या खड्ड्यापर्यंत माझी अकरा पावलं आणि डावीकडे चार, तेवढं अंतर मला आता झोपेतही ठाऊक आहे. आज तिरकं न जाता त्याच वाटेने गेले. वळायच्या जागी पोचले तेव्हा आकडा अठरा होता.

मी तिथेच उभी राहिले. एक पाऊल लांब, एक आखूड.

बाबा उंच होते, हे मी लक्षात ठेवलं. त्यांचा पाय मात्र मला मोजताना आठवलाच नाही. त्या पायाकडे न बघायची आपल्याला इतकी सवय लागली होती, की त्यांच्या पावलांचा हिशोब करतानाही मी त्यांना धडधाकट चालवलं. लंगडणारा माणूस अकरा पावलांत किती दूर जाईल, हा विचार जगात कोणालाही सुचला असता. आपल्याच घरात तो कोणाला सुचणार नव्हता.

मी परत दाराशी गेले. टाच उंबऱ्याला टेकवली. खांदा पाडला, हात मांडीवर ठेवला, आणि बाबांसारखी चालले. अकरा. डावीकडे चार. ती जागा दोन्ही खड्ड्यांच्या कितीतरी अलीकडे होती. मोजणं पक्कं करायला मी पुन्हा दाराशी आले आणि पुन्हा तशीच निघाले.

तेवढ्यात फाटकातून हसू आलं. प्लंबर उभा होता. "काय ताई, खरंच दुखतंय का नाटक चाललंय कोणाचं?"

मला त्याला काही सांगता आलं नाही. सांगायचं तर बाबांच्या पायापासून सुरुवात करावी लागली असती, आणि ते माझ्या तोंडातून निघेना. आणि एकदम मला बेकरीवाल्याचं अंगण दिसलं. तू दारापासून टोकाला जाऊन परत आला होतास. परत येऊन पुन्हा तसाच चालला होतास. तू एकदाही त्या हसणाऱ्यांकडे बघितलं नव्हतंस. तुझे ओठ हलत होते. ते मी तेव्हाही पाहिलं होतं, दादा. मला वाटलं तू बाबांसारखं बोलून दाखवतो आहेस.

तू मोजत होतास. बेकरीच्या दारामागेही बाबांचाच नकाशा असणार, त्यांच्याच पावलांचा. गावभर ज्या ज्या घरात त्यांनी लाइन टाकली, तिथलं चेंबर शोधायला त्यांचाच पाय लागत होता. तू तो शिकून घेतलास, कोणाला न सांगता, कारण सांगायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं की तुमचं पाऊल आखूड आहे.

मग निदान जाताना तरी बोलायचं होतंस. पिशवी उचलण्याआधी एक वाक्य. ते वाक्य बोलण्यापेक्षा तुला घर सोडणं सोपं वाटलं, आणि मी बावीस वर्षं मान ताठ ठेवून चालले की मी बाबांची बाजू घेतली. तुझ्यावर आजवर जेवढी रागावले त्यापेक्षा आज जास्त रागावले आहे. पण हा राग वेगळा आहे, आणि तो अर्धा माझ्यावर, थोडा बाबांवर आणि उरला तो तुझ्यावर.

प्लंबरने माझ्या पायाखालची फरशी फोडली. वीतभर काँक्रीट, त्याखाली झाकण. कडेकडेने गंज, मध्ये बाबांनी घातलेली कडी. उघडलं तर चेंबर काठोकाठ भरलेलं. तो वास तुला सांगायला नको.

उद्या तो उपसा करून बघणार आहे. परवा ती बाई येणार.

धाकटी


१९ मार्च, गुरुवार

दादा,

आई काल घरी आली.

लाइनचं आधी सांगते, कारण तुला ते ऐकायचं असेल. चेंबर उपसल्यावर तळाच्या पन्हळीत दगडासारखा पांढुरका गोळा सापडला, आणि पुढच्या पाइपात तो आणखी हातभर गेलेला. सिमेंट. माझ्या गवंड्याने झाकण बुजवण्याआधी आपल्या बादल्या आणि थाप्या त्याच चेंबरमध्ये धुतल्या होत्या. चार वर्षं त्या गोळ्याला एक एक गोष्ट अडकत गेली. ॲसिड ओतून त्याला काही व्हायचं नव्हतं. प्लंबरने रविवारभर छिन्नीने फोडलं, पाइपाचा तेवढा तुकडा कापून नवा बसवला, मग कॅमेरा रस्त्यापर्यंत फिरवला. बाकी लाइन स्वच्छ. कुठे झोल नाही, कुठे जोड सरकलेला नाही. त्याने पाणसळ ठेवून उतार बघितला, पुन्हा ठेवून बघितला आणि मला विचारलं, "ही टाकली कोणी?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी आणि भावाने." मग त्याला पायाचंही सांगितलं. सगळं सांगितलं, बेकरीसकट. तो हातोडी पुसत राहिला. जाताना म्हणाला, "शनिवारी मी हसलो ते मनावर घेऊ नका."

सोमवारी ती बाई आली. वरच्या मजल्यावरून मी फ्लश केला, बेसिन सोडलं, मशीनचं पाणी सोडलं, सगळं एकदम. ती खाली उभी होती. कमोडात एक बुडबुडा नाही. तिने कागदावर खूण केली.

आई आता वॉकर घेऊन चालते. एक पाऊल लांब, एक आखूड. काल तिला बाथरूमपर्यंत नेताना मी तिला बेकरीचं सांगितलं. ती उंबऱ्यापाशी थांबली. मग म्हणाली, "तो दर महिन्याला पत्र लिहितो. एकदाही लिहिलं नाही त्याने हे." ती पत्रं मी कामावर असताना येत, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, "तू कधी विचारलंस?" ती म्हणाली, "त्यांच्या पायाचं मी कसं विचारणार?" मग म्हणाली, "आता दार लाव आणि बाहेर उभी राहा, मला जरा एकटीला बसू दे." आत ती रडली की नाही मला माहीत नाही. फ्लशचा आवाज आला, आणि त्यानंतर काही गुरगुरलं नाही.

चेंबरला नवं झाकण बसवलं आहे, फरशीच्या वर, सगळ्यांना दिसेल असं. स्कूटर रस्त्यावर लावते. आज मी टेप घेऊन मोजलं आणि दारामागे लिहिलं: उंबऱ्यापासून चार मीटर साठ, डावीकडे एक मीटर सत्तर. आता या घरात चेंबर शोधायला कोणाला लंगडावं लागणार नाही. बाबांची ओळ मात्र खोडली नाही, आणि दोन सह्यांखालची जागा तू येईपर्यंत मोकळी ठेवली आहे.

आधीची चारही पत्रं तुझ्याकडे पोचली असतील. परत मागत नाही, फाडूही नकोस. मी तुझ्याशी कशी वागले ते कुठेतरी लिहिलेलं असू दे. उत्तर दिलं नाहीस याचा राग केला होता, तो मागे घेते. तसली पत्रं मला आली असती तर मीही उत्तर दिलं नसतं.

त्या दिवशी डबा ठेवून घरी पळण्याऐवजी मी तुला विचारायला हवं होतं, की दादा, असा का चालतोस. चूक माझी. हे दोन शब्द लिहायला मला पाच पत्रं लागली.

तुझी अवजारांची पिशवी घेऊन ये. दुरुस्तीला आता काही उरलेलं नाही, पण आईला ती पिशवी दाराच्या आत ठेवलेली बघायची आहे. संडास चालू आहे. ये.

तुझी धाकटी